शिफ्टमधली पदवी

मी बी.ए. झालो तो जकात नाक्यावर. म्हणजे पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची, पण अभ्यास सगळा नाक्यावरच्या पत्र्याच्या खोलीत झाला. १९९०च्या दशकातली गोष्ट. नगरपालिकेत नोकरी होती, बहुतेक वेळा रात्रीची ड्यूटी. एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत पुस्तक उघडायचं. रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक भेटायचे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ती नाक्यावरही येते, याचा मी साक्षीदार आहे.

पण नाक्यावर जे शिकलो, ते कुठल्याच पेपरात आलं नाही. ताडपत्रीचा फुगवटा पाहून आतल्या मालाचा अंदाज बांधणं, बिलावरचा आकडा आणि ड्रायव्हरचा चेहरा यांचा मेळ घालणं, पाच प्रांतांच्या बोलीत तेच पाच प्रश्न विचारणं, हे सगळं मला येत होतं. विद्यापीठाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं आणि नगरपालिकेला माझ्या बी.ए.शी. नोकरी एका खिशात, शिक्षण दुसऱ्या खिशात.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आज जे करतो आहे, ते म्हणूनच मला नवं वाटतं. चाकणच्या एका कारखान्यात तो देखभाल विभागात आहे. डिप्लोमा झालेला. नोकरी न सोडता तो इंजिनिअरिंगची पदवी घेतो आहे. वर्ग ऑनलाइन, शनिवारी-रविवारी. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी तास असला की कॅमेरा बंद करून खजूर तोंडात टाकायचा आणि पुढे ऐकायचं. पण ऑनलाइन हे त्यातलं फारसं विशेष नव्हे. विशेष हे, की त्याच्या अभ्यासाचा एक मोठा भाग म्हणजे त्याची नोकरीच. कारखान्यातलं रोजचं काम हाच विषय, तिथला वरिष्ठ हाच एक मार्गदर्शक आणि तिथलीच एखादी अडचण सोडवून लिहिलेला अहवाल हीच परीक्षा.

आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ जुनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच पायावर. पण तिथं काम शिक्षणाचा खर्च भागवत होतं. कामातूनच शिक्षण, हा विचार वर्ध्यात मांडला गेला. ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींनी तिथं शिक्षण परिषद भरवली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याची योजना तयार केली. हेच झाकिर हुसेन पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. चरख्यावर बसलेल्या मुलाला सुतावरून गणित शिकवायचं, कापसावरून भूगोल. नई तालीम पुढे फार टिकली नाही. सुशिक्षितांना आपल्या मुलांच्या हाती टकली नको होती, असं माझं मत आहे.

गंमत अशी की तोच विचार संगणकाच्या दारानं परत आला. पिलानीच्या बिट्स या संस्थेनं १९७९पासून नोकरदारांसाठी असे अभ्यासक्रम चालवले आहेत. इंग्लंडमध्ये चेम्सफर्डला २००३ साली ‘अल्ट्राव्हर्सिटी’ नावाचा प्रयोग सुरू झाला. पूर्ण पदवी ऑनलाइन आणि कामावर आधारित. त्यात शाळांमध्ये शिक्षकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबणारी माणसं बरीच होती. घरसंसार आणि नोकरी यांमुळे कॉलेजची पायरी चढणं ज्यांना जमलं नव्हतं अशी. त्यांनी आपल्याच कामाकडे संशोधकाच्या नजरेनं पाहायचं, त्यात काही बदल करून बघायचा, काय झालं ते लिहायचं आणि शेवटी ज्यांच्यासोबत काम करतो त्यांच्यासमोर ते मांडायचं. मला यातलं शेवटचं फार आवडलं. परीक्षकाला फसवता येतं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नाही.

आता भाच्याच्या प्रकल्पाकडे येतो. त्याच्या विभागात एक हायड्रॉलिक प्रेस आहे. हिवाळ्यात पहिल्या पाळीला ती कुरकुर करायची आणि पुढे पंप खराब होऊन बंद पडायची. पंप बदलायचा, लाइन सुरू करायची, झालं. तिच्यावर काम करणारे एक जुने ऑपरेटर आहेत, दहावी नापास. ते म्हणायचे, ‘‘मशीन कुंथतंय. तिला घास गिळवत नाही.’’ लोक हसायचे. भाच्यानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि दीड महिना रोज तेलाचं तापमान, दाब, आवाजाची वेळ यांची नोंद ठेवली. निघालं ते असं : टाकीतून पंपाकडे तेल जातं तिथली गाळणी कचऱ्यानं तुंबत आलेली. थंडीत तेल घट्ट होतं, अर्ध्या मिटलेल्या गाळणीतून ते पुरेसं ओढलं जात नाही, तेलात बुडबुडे होतात, ते पंपाच्या आत फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. इंजिनिअर याला कॅव्हिटेशन म्हणतात. घास गिळवत नाही, हे निदान अक्षरशः बरोबर होतं.

श्रोतेहो, मी कवी माणूस. माझं कुतूहल पंपापेक्षा त्या क्रियापदात जास्त. आमच्या घरात दखनी, शाळेत आणि लिहिण्यात मराठी, म्हणजे एका भाषेतून दुसरीत जाताना काय सांडतं याचा मला थोडा सराव आहे. भाच्याच्या अहवालाची भाषा इंग्रजी. त्यात ‘कुंथणं’ गेलं आणि ‘असाधारण आवाज’ अशा अर्थाचे दोन गुळगुळीत शब्द आले. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाक ना.’’ तो म्हणाला, ‘‘मामू, मार्क जातील.’’ पोराला इंजिनच्या पोटातलं सगळं कळतं, पण ते सांगणारं इंग्रजी वाक्य जुळवताना त्याची रात्र जाते. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपापल्या धंद्याच्या शब्दांतच सांगायचं ते सांगितलं, आणि ते आपण आजवर गातो. कामावर आधारलेल्या पदवीला कामाची भाषा मात्र अजून चालत नाही. निदान तोंडी परीक्षा मराठीत घ्यायला काय हरकत आहे? यंत्र तर मराठीतच दुरुस्त होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाचा अभ्यास १२०० तासांचा धरला आहे, त्याचे ४० श्रेयांक. म्हणजे आठवड्याला तेवीस तास. भाच्याची शिफ्ट आठ तासांची, बसमध्ये येऊन-जाऊन दोन तास. त्यातून तेवीस तास कुठून काढायचे? काही तास कामातच मोजले जातात, हीच या पद्धतीची खुबी. पण उरलेले? ते झोपेतून, बायकोच्या वाटच्या संध्याकाळीतून आणि लेकीच्या रविवारातून निघतात. फीचा काही भाग कंपनी देते, मात्र पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार आहे. त्यात मला वावगं दिसत नाही. वावगं हे, की प्रेसच्या दुरुस्तीनं कंपनीचे पंप वाचले, पण तो अहवाल लिहायला कामाच्या वेळेतला एक तासही मिळाला नाही. इंग्लंडात २०१५पासून नोकरी करत पदवी घेण्याची सरकारी योजना आहे. तिथं विद्यार्थी-कामगाराला फी भरावी लागत नाही, आणि २०२२मध्ये तर मालकानं आठवड्याला सरासरी किमान सहा तास पगारी वेळ शिक्षणासाठी द्यायचा, असा नियम केला गेला. सहा तास म्हणजे काही फार नव्हे. पण ते नियमात होते, साहेबाच्या मर्जीवर नव्हते.

बायकांचं गणित याहून कठीण. माझ्या ओळखीतल्या एका बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या मुलीनं अशीच ऑनलाइन पदवी अर्ध्यात सोडली. तास सुरू असताना घरचे तिला ‘मोबाइलवरच तर आहेस’ म्हणून हाक मारायचे. कॉलेजला गेलेली बाई घरात नसते, ऑनलाइन शिकणारी बाई घरातच असते. तिला एक खोली आणि आतून लागणारी कडी हवी होती. ती कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नसते.

तरीही मी भाच्याला सोड म्हणत नाही. डिप्लोमावाल्याला एका टप्प्यानंतर बढती मिळत नाही, हे तो रोज पाहतो. शिवाय त्याच्यात एक बदल झालाय. पूर्वी घरी आला की ‘आज ब्रेकडाउन होतं’ एवढंच सांगायचा. आता का झालं ते सांगतो, आणि कुणाला कळलं होतं तेही सांगतो.

त्या जुन्या ऑपरेटरांचं काय, असं मी त्याला विचारलं. अहवालाच्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव आहे, इंग्रजीत. नव्या आराखड्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची सोय आहे. मुक्त विद्यापीठानं तर सुरुवातीच्या काळात शाळा सुटलेल्यांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला येऊ दिलं होतं. दाराला फट आहे. भाच्यानं त्यांना विचारलं, ‘‘दादा, चौकशी करू का? फॉर्म मी भरतो.’’

त्यांनी हात पुसले आणि विचारलं, ‘‘रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. पगारात धरतील का?’’

भाचा एचआरकडे विचारायला गेला आहे. मागच्या महिन्यापासून ते ‘बघून सांगतो’ म्हणताहेत.