बोरघाटांतील रिव्हर्सिंग स्टेशन

आकुर्डीवरून मुंबईस जाणारी गाडी आज बोरघाट सरळ उतरून जाते. पूर्वी तसें नव्हतें. सन १८६३ मध्यें घाटाचा मार्ग खुला झाला, तेव्हां खंडाळ्याच्या खालीं कड्यावर एक यार्ड बांधावें लागलें. त्यास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. चढ कोठें कोठें सदतीस फुटांस एक फूट, आणि वळण घेण्यास डोंगरानें जागाच दिली नाहीं. म्हणून गाडी या यार्डांत शिरे, इंजिन एका टोकाचें सुटून दुसऱ्या टोकास लागे, आणि गाडी उलट्या तोंडानें पुढें निघे. नवख्या उतारूस आपण परत चाललों कीं काय, असें वाटे!

या घाटाच्या कामावर हजारों मजूर पटकीनें व तापानें मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट पुढें चालविलें. तिचें नांव राहिलें, मजुरांचीं राहिलीं नाहींत.

१९२९ मध्यें नव्या बोगद्यांतून मार्ग गेला आणि तें यार्ड ओस पडलें. आतां घाटाची तयारी कर्जतच्या यार्डांत होते. पुण्याकडे येणाऱ्या अनेक लांबच्या गाड्यांना तेथें मागून रेटण्यासाठीं जादा इंजिनें जोडतात. घाट चढल्यावर तीं सुटतात. तेवढ्या वेळांत उतारू फलाटावर वडे घेतात.