परवलीचा शब्द आणि शाळेचा कार्यभार



शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, असे विचारले तर मुख्याध्यापक तत्काळ उत्तर देतात. संगणकाचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, कोणाकोणास ठाऊक आहे, या प्रश्नाला तसे उत्तर मिळेलच असे नाही. वस्तुतः कपाटातील दप्तराइतकेच मोलाचे दप्तर आता संगणकावर आहे. विद्यार्थ्यांची नोंद ‘यू-डायस प्लस’वर, तर शिक्षकांचे वेतन ‘शालार्थ’वर असते.

गडाच्या दरवाजावरील पहारेकऱ्यांचा परवलीचा शब्द सर्वांस एकच असे. संगणकावरील शब्द मात्र ज्याचा त्याचा निराळा असावयास हवा. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत एकच यंत्र अनेकांनी वापरण्याची सोय झाली, तेव्हा प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून पासवर्डची योजना करण्यात आली. पुढच्याच वर्षी एका संशोधक विद्यार्थ्याने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! एके ठिकाणी लिहून ठेवलेली यादी किती घातक ठरते, याचा हा पहिला धडा होय. कार्यालयाच्या भिंतीवर चिकटविलेला कागद याहून वेगळा नाही.

पासवर्ड ही स्वाक्षरीच आहे. तो वापरून केलेली प्रत्येक नोंद खातेदाराच्या नावे जमा होते. अपात्र व्यक्तींच्या नावे बनावट शालार्थ ओळखक्रमांक तयार करून वेतन काढल्याचे प्रकरण २०२५ साली नागपूर विभागात उघडकीस आले व गुन्हे दाखल झाले. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु ज्याने तो सहज देऊन टाकला, त्यालाही प्रथम खुलासा करावा लागतो. निर्दोष शिक्षकाची उमेद त्या खुलाशातच खचते.

यावर उपाय सोपा आहे. सुरगाणा, पेठ यांसारख्या दुर्गम तालुक्यांत एकाच संगणकावर अनेकांस काम करावे लागले, तरी संगणक सामाईक असावा, खाते नव्हे. ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ या भागात ‘अदर युझर्स’ येथे प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडता येते. व्यवस्थापकाचे, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवून इतरांस साधे खाते द्यावे. ‘साइन-इन ऑप्शन्स’ येथे पासवर्ड बदलता येतो. जागा सोडताना विंडोजची कळ व ‘एल’ ही कळ एकत्र दाबली की पडदा बंद होतो. सामाईक यंत्राने पासवर्ड जतन करावा काय, असे विचारल्यास नकार द्यावा.

शब्द कसा निवडावा? शाळेचे नाव, जन्मतारीख किंवा शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक कोणासही ठाऊक असतो. तो वर्ज्य समजावा. परस्परांशी संबंध नसलेले तीनचार शब्द जोडावे. इंग्रजी २६ अक्षरांच्या पासवर्डात चार अक्षरे वाढविली, तर शक्यता २६ × २६ × २६ × २६, म्हणजे ४,५६,९७६ पटीने वाढतात. सातवीच्या मुलांस हा गुणाकार अवश्य करावयास द्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेनेही २०१७ साली हेच सुचविले, की दर काही दिवसांनी सक्तीने बदललेल्या शब्दापेक्षा लांब शब्द बरा. संशय आल्यास मात्र तो त्याच दिवशी बदलावा.

दोन प्रसंगी विशेष दक्षता हवी. माहिती भरण्यासाठी खासगी संगणक केंद्रात गेल्यास पासवर्ड व भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी चालकास न सांगता स्वतः टंकावा. बदली झाल्यास किल्ल्या व नोंदवह्यांबरोबर संगणकाचाही कार्यभार द्यावा आणि येणाऱ्याने पहिल्याच दिवशी शाळेच्या खात्याचा पासवर्ड बदलावा. जुना शब्द चालू राहिला, तर नव्या शिक्षकाच्या नोंदी गेलेल्याच्या हाती राहतात.

या नोंदींत एखाद्या आदिवासी पाड्यावरील मुलीचे नाव, जन्मतारीख व इयत्ता असते. तेथे झालेली चूक पुढे तिच्या दाखल्यात व शिष्यवृत्तीत आड येते. म्हणून पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने भिंतीवरील कागद काढावा, खाती निराळी करावी व शब्द बदलावा. तासाभराचे हे काम आहे. परंतु शाळेच्या विश्वासाचे रक्षण त्यातच आहे.