शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी



हिमालयाच्या माथ्यावर, वृक्षांची सीमा ओलांडून गेल्यावर, कांहीं वनस्पती उशीसारखा घट्ट आकार धरून जमिनीला बिलगून राहतात. इ. स. १९२१ च्या एव्हरेस्ट-मोहिमेंत वूलस्टन यांना असें एक रोप सुमारें २०,००० फुटांवर सांपडलें. वाऱ्याला अंग द्यावयाचें नाहीं, आंत ऊब राखावयाची, आपल्याच वाळल्या पानांत ओल सांठवावयाची, हा त्यांचा संसार. बागेंत मात्र दमट हवेनें त्या कुजतात. म्हणून विलायतेंतील हौशी लोक त्यांना खडींत लावून वर कांचेचें छप्पर देतात.

वाशीमकडच्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हिमालय पाहिला नसेल, पण काळा पाषाण त्यांच्या परिचयाचा आहे. त्याच दख्खनी पाषाणाच्या पश्चिमेकडील कड्यांवर शिंदळ माकुडी राहते. जगांत अन्यत्र ती आपण होऊन उगवत नाहीं. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणींच तिची वस्ती. मांसल, लोंबते दांडे फटींत रुजलेले. पावसाळ्यांत पानें, आणि पाऊस ओसरतांना तांबड्या-काळसर रंगाचीं, पिवळ्या ठिपक्यांचीं, पांच कोनांचीं फुलें. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डालझेल यांनी इ. स. १८६४ च्या सुमारास तिचें वर्णन करून तिला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचें नांव दिलें. फुलाचा वास माश्यांना बोलावणारा, म्हणजे सडक्या मांसासारखा. साहेबांनीं तें हुंगलें असतें तर हा मान कितपत रुचला असता, कोण जाणे!

हिमालयी उशांच्या उलट, ही माकुडी कुंडींत सहज जगते. दांड्याचा तुकडा लावला कीं रुजतो. मग चिंता कसली, असें कोणी विचारील. एका झाडाचे शंभर तुकडे म्हणजे शंभर झाडें नव्हेत, एकच झाड शंभर कुंड्यांत. एका रोगाला बळी पडणारें तें सगळेंच पडेल. निरनिराळ्या कड्यांवरील बीजांतून येणारी विविधता कुंडींत निर्माण होत नाहीं. कडा ओका करून गच्ची सजविणारा मनुष्य वनस्पतीचा मित्र म्हणवितो, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

ज्यांना ती हवीच असेल, त्यांनीं लागवडीच्या झाडाचा तुकडा मागून घ्यावा, कड्यावरचा तोडूं नये. कुंडींत निम्मी खडी घालावी. उन्हाळ्याकडे पानें गळलीं म्हणजे झाड मेलें असें समजून घाबरून पाणी ओतूं नये. पुष्कळ माकुड्या याच मायेनें कुजल्या आहेत. पाणी जवळजवळ थांबवावें, आणि पहिल्या पावसाची वाट पाहावी.