फोन करायला लाजायचं कशाला?

घोटी आणि आसपासच्या पाड्या-वस्त्यांवरच्या बचत गटांच्या आम्ही बाया आज एका वहीबद्दल बोलणार आहोत. ही वही आमच्याकडे नव्हती, आणि त्यामुळे आमच्या एका ताईचं नुकसान झालं. तिचं नाव सांगत नाही. गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांचीच आहे.

चैत्र होता, वाळवणाचे दिवस. मुंबईच्या एका बाईंनी ताईकडे नागलीच्या पापडांची चौकशी केली. वैशाखात घरचं लग्न होतं, दहा किलो हवे होते. "आठ दिवसांनी फोन करा, नक्की सांगते," असं त्या म्हणाल्या. ताईने गटातून तीन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, नागली-उडीद आणले, पापड लाटले, वाळवले. फोन मात्र केला नाही. "आपण कशाला मागे लागायचं? गरज असेल तर त्याच करतील," असं तिला वाटलं. महिन्याने फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच फोनची वाट पाहिली. शेवटी दुसरीकडून घेतले."

पुढे आपल्याकडचा पाऊस लागला. तो कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. निम्मे पापड सादळले. कर्जाचे हप्ते ताईने आवणीच्या मजुरीतून फेडले.

आता आमची चूक सांगतो. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लेखे अद्ययावत. दर बैठकीत आम्ही ताईला विचारलं, "हप्ता आणलास का?" "त्या गिऱ्हाइकाचं काय झालं?" हे एकीनेही विचारलं नाही. घेतलेल्या कर्जाची नोंद पक्की, आणि ज्या ऑर्डरीवर ते कर्ज फिटायचं ती नुसती डोक्यात!

म्हणून आम्ही 'गिऱ्हाइकांची वही' सुरू केली. साधी शंभर पानी. तिच्यात पाच रकाने: नाव आणि फोन, काय आणि किती हवं, ठरलेला भाव, पुन्हा कधी बोलायचं, पैसे किती आले आणि किती राहिले. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा ठेवायचा नाही. फोन ठेवता ठेवता तारीख टाकायची. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाचा खाडा मांडतो, त्याच चौकटीत एक फुली मारली तरी चालेल. बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं ही वही वाचायची.

फोनवर बोलायचं काय? "घेता का?" असं विचारू नका. कामाचं बोला: "ताई, घोटीहून बोलतेय. तुम्ही पापडांचं विचारलं होतंत. परवा नागली दळायला टाकतोय, तुमचे किती धरू?" हो म्हणाल्या तर निम्मी रक्कम आधी मागा. पैसे हातात आल्यावरच माल आणा. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर थांबा, आणि पुढच्या सणाला पुन्हा आठवण द्या. माल पोचल्यावर आठ दिवसांनी "पापड कसे फुलले?" एवढं जरूर विचारा. त्यातूनच पुढची ऑर्डर येते.

शिवणकाम, मसाले, तांदूळ, खुरासणीची चटणी, सगळ्यांना हेच लागू आहे. दुकानदाराला किंवा कंपनीला स्वतः बनवलेला माल देत असाल तर 'उद्यम' नोंदणी करून घ्या. ती मोफत असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत. पण माल कधी दिला याचा कागद हवा. म्हणून तारखेची पावती घ्याच.

लिज्जत पापड आपण सगळ्यांनी खाल्लाय. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन तो धंदा सुरू केला. पापड लाटता तर घरोघरी येतात. त्या बायांनी पहिल्यापासून हिशोबही चोख ठेवला.

आमच्या त्या ताईने यंदाच्या चैत्रात वहीतल्या अकरा जणींना फोन केले. चौघींनी घेतले, तिघी नाही म्हणाल्या, बाकीच्यांनी दिवाळीला सांगते म्हटलं. ताई म्हणाली, "नाही म्हणाल्या तेही बरं झालं. तेवढी नागली आणली नाही." यंदा तिच्या घरी एकही पापड सादळला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, विचारपूस म्हणजे भीक मागणं नव्हे. आपण आपल्या घामाच्या मालाबद्दल बोलतो. येत्या बैठकीला एक कोरी वही घेऊन जा, आणि पहिलं नाव तिथेच लिहा.