कुरकूर आणि तक्रार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालघर येथे केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी आज आम्हांस ‘वार्धक्य : एक वरदान’ या विषयावर वीस मिनिटे बोलण्याची आज्ञा केली आहे. चिटणीस अद्याप चाळिशीच्या आत आहेत, म्हणूनच त्यांस हा विषय सुचला. वरदानाचा भाग आम्ही प्रारंभीच उरकून टाकतो. २०२२ सालच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी गाठलेल्यांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य झाला आणि यथाकाल आम्हीही त्यास पात्र ठरलो. येथे वरदान संपले. उरलेली अठरा मिनिटे आम्ही कुरकुरीस देणार आहोत.

कुरकूर ही म्हातारपणाची वडिलोपार्जित मिळकत आहे. डॉक्टरांनी आमची साखर तोडली, मीठ तोडले, रात्रीचा भातही तोडला; कुरकूर तेवढी अद्याप कोणी तोडलेली नाही. आणि ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा आम्ही आठ वर्षांचे होतो. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु दुकानदार हातावर सहाच ठेवी. तो पाव पैसा गेला कोठे, ही कुरकूर आमच्या आजोबांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांनी छडीच्या धाकाने पाठ केलेल्या पावक्या, निमक्या, पाऊणक्या एका दिवसात निकामी झाल्या होत्या. त्यांचा राग मुळी पाव पैशाचा नसावा, हे आम्हांस आता कळते. पुढे शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले आणि वडिलांची पाळी आली. १९६४ साली नव्या पैशातील ‘नवा’ गळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. सरकारदरबारी ते सात वर्षे टिकले. सारांश, आम्ही जे करतो ते कुलाचाराप्रमाणेच करतो.

प्रथम प्रवासाची गोष्ट घेऊ. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हा पालघर-बोईसरकरांनी आनंद मानला. त्यापूर्वी शटल चुकली की फलाटावर बसून माणूस तत्त्वज्ञ होई. आता गाड्या वाढल्या, परंतु त्याहून माणसे वाढली. पूर्वी आमची कुरकूर अशी की, तरुण मंडळी म्हाताऱ्यास जागा देत नाहीत. परवा बोईसरला एक मुलगा चटकन उठून म्हणाला, “बसा आजोबा!” आम्ही बसलो खरे, पण पालघर येईपर्यंत ‘आजोबा’ हा शब्द आम्हांस टोचत राहिला. आम्ही इतके का दिसतो? जागा न मिळण्याचे दुःख गुडघ्यांस होते, मिळण्याचे काळजास होते. मेल-एक्स्प्रेसच्या तिकिटात साठीच्या पुरुषांस शेकडा ४० व अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांस शेकडा ५० सवलत असे. मार्च २०२० मध्ये महामारी आली आणि ती सवलत थांबली. महामारी गेली. सवलतीने मात्र परतीचे तिकीट काढलेले दिसत नाही.

विजेचेही तसेच. देशातील पहिले अणुवीजकेंद्र १९६९ साली आपल्या शेजारी तारापूरला सुरू झाले. २००५ व २००६ साली ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच तेथे कामास लागले. बाहेरगावचा पाहुणा मोठ्या आदराने विचारतो, “तुमच्याकडे वीज कधी जातच नसेल?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा मेणबत्तीच्या उजेडात दिले आहे. यात केंद्राचा दोष नाही. तेथील वीज उंच मनोऱ्यांवरून पश्चिम भारताच्या जाळ्यात जाते. आमच्या आळीचा दिवा मात्र तारेवर टेकलेल्या जांभळीच्या एका फांदीच्या मर्जीवर जगतो.

जेवणाविषयी बोलल्यावाचून ज्ञातिसंमेलनातील भाषण पुरे होत नाही. सातपाटीच्या पापलेटास २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला. मान वाढला, भाव वाढला, आणि ताटातील तुकडी मात्र दरसाल लहान होत चालली. पिल्ले जाळ्यात येऊ लागली की मोठा मासा यावा कोठून? लग्नाच्या जेवणात तर आता पंगतच उठली. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात काठी, आणि पुरी तोडण्यास तिसरा हात हवा! तो चतुर्भुज झालेल्या नवरदेवाकडे असतो, परंतु त्यास फोटोग्राफर सोडीत नाही.

आता बाजाराकडे वळू. आमच्या लहानपणी वाणी साखर वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देई. साखर डब्यात गेल्यावर आम्ही पुडी वाचीत असू. अर्धवट बातमीचा शेवट आपल्या मनाने करावा लागे, एवढीच अडचण. आता पाकिटावर वजन, किंमत, महिना, साल, कारखान्याचा पत्ता, सारे काही छापलेले असते, कारण तसा कायदाच आहे. अक्षर किमान किती उंच असावे हेही नियमात सांगितले आहे. मात्र तो नियम करणाऱ्यांस मोतीबिंदू झालेला नसावा. औषधाच्या पट्टीवरील मुदत वाचण्यास आम्ही भिंग आणतो, भिंग सापडण्यास चष्मा शोधतो, आणि चष्मा कपाळावर असल्याचे सूनबाई सांगतात. पुढे पाकीट उघडण्याचा प्रसंग. ‘येथे फाडा’ अशी आज्ञा लिहिलेली असते. ज्या दातांनी ती पाळावयाची, ते रात्रभर पेल्यात असतात. ‘एकावर एक मोफत’ या पाटीस भुलून आम्ही केशतेलाच्या दोन बाटल्या घरी आणल्या. आमच्या मस्तकाकडे पाहून घरच्यांनी जे मौन पाळले, ते कुरकुरीहून बोचरे होते.

येथवरची कुरकूर आपण हसून ऐकलीत. आता एका पंख्याची गोष्ट सांगतो, म्हणजे आम्ही व्यासपीठावर का उभे राहिलो ते कळेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक छताचा पंखा घेतला. कोणत्या दुकानातून, ते असो. हमी दोन वर्षांची होती. चौथ्या महिन्यात पंखा कण्हू लागला. आम्ही कुरकूर केली ती पत्नीपाशी, शेजाऱ्यापाशी, दूधवाल्यापाशी, आणि पंख्याखाली निजून खुद्द पंख्यापाशी. असे आठ महिने गेले. एके दिवशी नातीने विचारले, “आजोबा, हे तुम्ही दुकानदाराला लिहून कळवलंत का?” आम्ही निरुत्तर झालो. सबंध आळीस ठाऊक असलेली गोष्ट ज्यास कळावयास हवी, त्यासच कळविलेली नव्हती. मग बिल शोधले. ते मिळाले, पण कोरे! हल्लीच्या बिलाच्या कागदावर शाई नसते. उष्णतेने उमटलेली अक्षरे काही महिन्यांत विरून जातात. हमी दोन वर्षांची आणि बिलाचे आयुष्य सहा महिन्यांचे. नातीने मात्र ते आणले त्याच दिवशी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. तिने पत्र लिहिले, बिलाचे चित्र जोडले, आणि पंधरा दिवसांत पंखा बदलून मिळाला. आमच्या आठ महिन्यांच्या वक्तृत्वाने जे झाले नाही, ते तिच्या आठ ओळींनी झाले.

कुरकूर आणि तक्रार यांतील हा भेद आम्हांस शहात्तराव्या वर्षी एका शाळकरी मुलीने शिकविला. कुरकूर हवेत जाते, तक्रार कागदावर उतरते. वास्तविक आमच्या पिढीस हे ठाऊक असावयास हवे होते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. दोन्ही आमच्या भरतारुण्यातील. आता २०१९ च्या कायद्याने पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगाकडे शुल्क पडत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून प्रारंभ करता येतो. इतके असून आम्ही पंख्याशीच बोलत राहिलो.

पंख्याचे काय, तो बदलून मिळतो. परंतु आमच्याच आळीतील एका वृद्ध भगिनीची हकीकत ऐका. यजमानांच्या मागे त्यांचे निवृत्तिवेतन हाच तिचा आधार. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, हे आपण जाणताच. हा दाखला २०१४ पासून अंगठ्याच्या ठशावर यंत्राने देण्याची सोय झाली. सोय चांगली, पण जन्मभर वाडीत राबलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या हातांवर रेषा उरतात कोठे? घरोघरी डाय कोरणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील कारागिरांची बोटेही तशीच. एका कचेरीत यंत्राने तिला तीन वेळा नाकारले. प्रत्यक्ष समोर उभी असलेली बाई जिवंत ठरेना. चौथ्या वेळी ती गेलीच नाही. वेतन थांबले. तिने कोणास सांगितले नाही, कुरकूरही केली नाही. फक्त दूध अर्धा लिटरवरून पावावर आणले. ही गोष्ट आम्हांस दूधवाल्याकडून कळली, आणि तीही तो आमचे पंख्यावरील प्रवचन ऐकता ऐकता मध्येच बोलून गेला म्हणून.

मंडळी, त्या दिवशी आम्हांस आमच्या कुरकुरीची प्रथमच लाज वाटली. तिच्या दाराशी मार्ग होते. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही तो दाखला निघतो. टपाल खात्याचा पोस्टमन घरी येऊन तो काढून देतो. आणि अधिकाऱ्याच्या सहीचा कागदी दाखलाही चालतो. तिला यांतले काही ठाऊक नव्हते. आम्हांस थोडे ठाऊक होते, पण आम्ही विचारले नव्हते. नातीचा फोन घेऊन आम्ही तिच्या ओटीवर बसलो. ती पदर सावरून फोनकडे पाहू लागली. डोळे मिचकावण्याची सूचना आली, तेव्हा “या वयात हे काय सांगता!” म्हणून लाजली. दाखला निघाला. थकलेले वेतनही पुढे मिळाले.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवून आम्ही रजा घेतो. नोव्हेंबरातील एका रविवारी आपल्या सभागृहात दोन टेबले मांडावीत. एकावर दाखल्यांचे काम व्हावे. दुसऱ्यावर एक वही, एक भिंग आणि एक चुणचुणीत नात असावी. ज्याची जी कुरकूर असेल ती त्याने सांगावी आणि नातीने कागदावर उतरून योग्य ठिकाणी धाडावी. वृद्धांस वेळ आहे आणि तरुणांस फोन आहे. दोघांनी एका टेबलाशी बसावे, एवढेच. जी मंडळी त्या दिवशी येणार नाहीत, त्यांच्या घरी कोणी तरी जाऊन यावे. येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांचीच गरज अधिक असते.

अध्यक्षमहाराजांनी दोनदा घंटी वाजविली असे चिटणीस म्हणतात. एक आम्हांस ऐकू आली नाही. चहाही निवाला असावा. त्याविषयी आम्ही आज काही बोलत नाही. वहीत पहिली नोंद त्याचीच करावी.