मूळ न सापडणारा कर्करोग आणि गावाचे कर्तव्य



एखाद्याला कर्करोग झाल्याचे कळले की गावात पहिला प्रश्न विचारला जातो, "कशाचा?" तोंडाचा, स्तनाचा, पोटाचा असे उत्तर मिळाले म्हणजे विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु काही रुग्णांजवळ या प्रश्नाचे उत्तरच नसते. त्यांच्या कागदावर "मूळ स्थान अज्ञात" अशी नोंद असते. कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत असे सुमारे दोन ते पाच रुग्ण आढळतात. आजाराच्या दुःखाबरोबर संशयाचे ओझेही त्यांना वाहावे लागते. म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

कर्करोग शरीराच्या एखाद्या भागात सुरू होतो. पुढे त्याच्या पेशी रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे दूर जाऊन लसिकाग्रंथी, यकृत, फुप्फुस किंवा हाडे येथे रुजतात. काही रुग्णांत ही दुसरी वस्तीच प्रथम नजरेस येते. गाठीचा तुकडा काढून तपासला असता त्या पेशी तेथील नाहीत, अन्य ठिकाणाहून आलेल्या आहेत, हे समजते. मात्र त्या कोठून आल्या, हे सर्व आवश्यक तपासण्यांनंतरही उमगत नाही. मूळ गाठ इतकी लहान असू शकते की यंत्रालाही ती दिसू नये. शरीराच्या प्रतिकारशक्तीने ती नाहीशी केलेली असणेही शक्य आहे. शवविच्छेदनात फुप्फुस, स्वादुपिंड अशा अवयवांत अगदी बारीक मूळ गाठ मिळाल्याची उदाहरणे आहेत. काहींच्या बाबतीत तेथेही ती मिळालेली नाही. तेव्हा मूळ सापडले नाही याचा अर्थ डॉक्टरांनी हयगय केली, असा सरसकट काढणे योग्य नव्हे. रोगाचे निदान झालेले असते. अज्ञात असते ते केवळ त्याचे उगमस्थान.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वैद्यकशास्त्राला ही म्हण जशीच्या तशी मान्य होणार नाही. शोध घेतलाच पाहिजे, कारण त्यावर उपचार अवलंबून असतात. सर्वांगाची काळजीपूर्वक तपासणी, रक्ततपासणी, सीटी स्कॅन, स्त्रियांमध्ये स्तनांची क्ष-किरण तपासणी, लक्षणांनुसार दुर्बिणीची तपासणी आणि गाठीच्या तुकड्यावरील विशेष रासायनिक परीक्षा, हा या शोधाचा क्रम होय. गरजेनुसार पेट स्कॅन किंवा जनुकीय चाचणीही करतात. परंतु या शोधालाही मर्यादा असते. तज्ज्ञांनी शोध पुरा झाल्याचे सांगितल्यावर त्याच तपासण्या गावोगावच्या रुग्णालयांत पुन्हा पुन्हा करीत राहिल्याने पैसा जातो आणि पैशाहून मोलाचा काळही जातो.

मूळ ठाऊक नसतानाही उपचार करता येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पाच-सहा रुग्णांमागे सुमारे एकाचा रोग अशा प्रकारचा असतो की त्याला नेमके उपचार लाभतात. स्त्रीच्या केवळ काखेतील ग्रंथीत विशिष्ट प्रकारच्या पेशी मिळाल्या तर तिच्यावर स्तनाच्या कर्करोगाप्रमाणे उपचार करतात. मानेच्या ग्रंथीत विशिष्ट प्रकारच्या पेशी आढळल्या तर तोंड, जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि घसा बारकाईने तपासून शस्त्रक्रिया व किरणोपचार योजतात; असे अनेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. खर्रा आणि तंबाखू यांची सवय विदर्भात किती खोल रुजली आहे, हे वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सवय बंदीने सुटत नाही. मानेतील गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्षिणे धोक्याचे आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली गाठ दाखवलीच पाहिजे.

उरलेल्या रुग्णांविषयी खरे बोलणे हेच हिताचे. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना वर्षापलीकडचा काळ लाभत नाही. केमोथेरपीने काहींचा रोग काही काळ आटोक्यात राहतो. म्हणूनच हातातील काळ कसा जगावा, हा प्रश्न येथे सर्वांत मोठा ठरतो.

संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करू. असे समजा की, येथील एका शेतकऱ्याच्या यकृतात गाठी आढळल्या. अकोला झाले, नागपूर झाले; मूळ सापडले नाही. घरी पाहुणे येतात. कोणी मुंबईला जाण्याचा सल्ला देतो, कोणी दुसऱ्या डॉक्टरांचे नाव सुचवतो, कोणी करणी-बाधेची शंका बोलून दाखवतो. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. पण प्रत्येक सल्ल्यामागे एक फेरी वाढते आणि शेवटी शेत गहाण पडते. रुग्णाच्या मनात मात्र एकच विचार घोळत राहतो, "आपल्याला नेमके झाले तरी काय?" या विचारात त्याची झोप जाते. कपाशीची वेचणी पाहावी, नातवाला जवळ घ्यावे, देणेघेणे मार्गी लावावे, या त्याच्या इच्छा मागे पडतात. रोगापेक्षा शोधच त्याचे उरलेले दिवस खाऊन टाकतो.

हे टाळणे गावाच्या हाती आहे. एकदा मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे. मुंबईच्या परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. जाताना तपासणीचे सर्व कागद, चित्रफिती आणि गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या एका पिशवीत न्याव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. त्यानंतर एका डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

शासकीय कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. "मूळ स्थान अज्ञात" ही अपुरी नोंद नव्हे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिच्यासाठी सी ८० हा स्वतंत्र क्रमांक आहे. अवयवाचे नाव नाही एवढ्या कारणाने अर्ज परत पाठवल्यास रुग्णाच्या नातलगांना आणखी एक खेप पडते आणि उपचाराचा दिवस पुढे जातो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगरुग्णांना एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यातही सवलत मिळते. शेगाव किंवा अकोल्याहून गाडी धरणाऱ्या कुटुंबाला ही माहिती वेळेवर देणे, प्रमाणपत्र मिळवून देणे, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यास सहज शक्य आहे.

शिक्षकांचे कामही कमी मोलाचे नाही. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, तो कोणाच्या पापाचे फळ नाही, हे वर्गात एकदा स्पष्ट सांगितले तर रुग्णाच्या घरातील मूल शाळेत एकटे पडणार नाही.

आता वेदनेविषयी. रोग बरा होत नसला तरी वेदना बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले आणि असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेसाठी भारतात पहिले स्वतंत्र स्थान निर्माण झाले. मॉर्फिनसारखे औषध रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेणे म्हणजे व्यसन नव्हे, किंवा हार मानणेही नव्हे. वेदना सोसण्यात पुरुषार्थ आहे, ही समजूत सोडून द्यावयास हवी. वेदनाशमनाचा सल्ला अखेरच्या आठवड्यात नव्हे, तर उपचारांबरोबर आरंभापासूनच मागावा.

सातपुड्याच्या डोंगरांतून उतरून पूर्णेला मिळणारी वान नदी या परिसरातील लोकांच्या परिचयाची आहे. तिचा उगम पाहिलेले थोडे. पण पूर आला तर काय करावे, हे काठावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असते. मूळ न सापडणाऱ्या कर्करोगाच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडेल. शोध योग्य तेवढा घ्यावा, तो संपला की संपला असे मान्य करावे, आणि मग रुग्णाची वेदना, त्याचे अन्न, त्याची झोप आणि त्याची राहिलेली कामे यांकडे वळावे. अशा रुग्णाच्या घरी पुढच्या वेळी जाताना "कशाचा?" हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावा. "आज जेवण गेले का, रात्री झोप लागली का, उद्या दवाखान्यात कोणाला सोबत पाठवू?" असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे रुग्णाला ठाऊक असतात, आणि त्यावर गावाला काही करताही येते.