वर्गांतील नवीं साधनें आणि आमचीं मुलें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहांत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव-समितीनें आम्हांस येथें बोलण्याची आज्ञा केली, आणि विषयहि तिनेंच नेमून दिला. समितीपुढें असा विचार चालला आहे कीं, महोत्सवानिमित्त जमलेल्या निधींतून शाळेच्या प्रत्येक वर्गांत एक एक डिजिटल फळा बसवावा. आम्हीं तीस वर्षें खडूनें हात पांढरे केलेले. तेव्हां आम्ही या बेतास विरोध करूं असें कित्येकांनीं गृहीत धरलें असेल, आणि तेवढ्याचसाठीं आम्हांस बोलावूं नये असेंहि कोणीं सुचविलें असेल. दोघांचीहि थोडीशी निराशा होणार आहे.

प्रत्येक नवें यंत्र शाळेच्या दाराशीं येतें तेव्हां, आतां शिक्षकाचें काय काम, हा प्रश्न त्याच्या आधींच येऊन पोंचलेला असतो. विख्यात अमेरिकन संशोधक एडिसन यांनीं १९१३ सालीं असें भाकीत केलें होतें कीं, चलच्चित्रांमुळें शाळांतून पुस्तकें लौकरच हद्दपार होतील. त्यास शतकाहून अधिक काळ लोटला; आमच्या मुलांच्या पाठीवरील दप्तराचें ओझें पाहतां तें भाकीत कितपत खरें ठरलें, हें आपणांस सांगावयास नको. आपल्या देशांत १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षपर्यंत, अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन, सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरदर्शनचे संच बसविण्यांत आले होते. सकाळीं शाळकरी मुलांसाठीं व सायंकाळीं मोठ्या माणसांसाठीं कार्यक्रम होत. वर्ष संपलें आणि ज्यांचा उपग्रह होता त्यांनीं तो परत नेला. मागें उरलीं तीं त्या कामांत तयार झालेलीं माणसें, आणि पुढें देशाचे स्वतःचे उपग्रह झाले ते अशाच माणसांच्या हातून. ही गोष्ट समितीच्या सभासदांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिच्याकडे आम्हांस शेवटीं परत यावयाचें आहे.

आतां नव्या साधनांची खरी शक्ति कोठें आहे तें एका पाठावरून सांगतों. अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो हा सिद्धान्त आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर शिकविला. फळ्यावर वर्तुळ काढावें, व्यास काढावा, परिघावर एक बिंदु घ्यावा, तो व्यासाच्या दोन्ही टोकांशीं जोडावा, आणि पहा मुलांनो, हा कोन नव्वद अंशांचा, असें म्हणावें. मुलें मान डोलावीत. परंतु मागच्या बाकावरील एकानें एकदां उभें राहून विचारलें कीं, सर, आपण बिंदु बरोबर जागीं घेतला म्हणून असें झालें. दुसरीकडे घेतला असतां तर? प्रश्न रास्त होता. आम्हीं आणखी तीन बिंदु काढून दाखविले, पण आमचें वर्तुळ थोडें लांबट झाल्यामुळें एक कोन मोजतांना पंचाण्णव अंशांचा निघाला, आणि तो तास तेथेंच बिघडला. पुढें जिओजेब्रा नांवाचें, शाळांना फुकट मिळणारें एक साधन आमच्या हातीं आलें. त्यांत परिघावरील बिंदु बोटानें धरून वर्तुळाभोंवतीं सरकवितां येतो. बिंदु सरकतो, त्रिकोण आडवा होतो, उभा होतो, अगदीं चपटा होतो, आणि कोपऱ्यांतील आंकडा मात्र नव्वदावरून हलत नाहीं. तो दिवस आम्ही विसरणार नाहीं. पन्नास मुलें एकदम गप्प झालीं, आणि मग सर्वांनाच तो बिंदु आपल्या हातानें सरकवावयाचा होता.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, झालें तर मग, बसवा पडदे! जरा थांबावें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलांस हाच सिद्धान्त वहींत सिद्ध करावयास सांगितला, तेव्हां बहुतेकांनीं लिहिलें कीं, काल पडद्यावर पाहिलें, म्हणून खरें आहे. डोळ्यांस पटलें होतें, बुद्धीस अजून पटावयाचें होतें. मग पुन्हां खडू घेतला. केंद्रापासून परिघावरील बिंदूपर्यंत एक त्रिज्या काढली. मोठ्या त्रिकोणाचे दोन समद्विभुज त्रिकोण झाले. त्यांचे पायाचे कोन जोडीजोडीनें सारखे. म्हणून परिघावरील कोन हा उरलेल्या दोन कोनांच्या बेरजेइतका, आणि तिघांची बेरीज १८० असल्यामुळें तो ९०. या वेळीं मात्र मुलें आमच्या पुढें धांवत होतीं, कारण काय सिद्ध करावयाचें आहे तें त्यांनीं स्वतःच्या बोटानें अनुभवलें होतें. पडद्यानें कुतूहल जागें केलें, फळ्यानें कारण दिलें. दोहोंपैकीं एकच असतें तर तो पाठ लंगडा राहिला असता.

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे, ती आमच्या लौकिकास साजेशी नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि पुढें सर्व शिक्षण मोबाईलवर आलें. आम्हीं तें मोठ्या उत्साहानें अंगीकारलें. सकाळीं नऊ वाजतां वर्ग सुरू होई; छोट्या छोट्या चौकटींत मुलांचे चेहरे दिसत; आम्ही हजेरी घेत असूं. नववींतील एक मुलगी पहिल्या आठवड्यानंतर दिसेनाशी झाली. आम्ही तिच्या नांवापुढें रोज गैरहजर अशी खूण करीत गेलों. एकदोनदां व्हॉट्सअॅपवर संदेशहि पाठविला, तोहि जरा कडक शब्दांत. शाळा पुन्हां उघडल्यावर ती आली, तेव्हां तिला समीकरण मांडतां येईना. विचारतां कळलें कीं, घरांत मोबाईल एकच. तो घेऊन वडील पहांटे टेंपोंतून भाजी पोंचविण्यास मुंबईकडे जात, आणि परत येत ते दुपारीं चारांनंतर. रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर मोबाईल तिच्या हातीं येई. वर्ग तर सकाळींच संपलेला. आमचा तो कडक संदेश तिच्या वडिलांनीं भाजीच्या गाडींत बसून वाचला होता.

तिचें घर आमच्या घरापासून सायकलीनें पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. टाळेबंदी सैल झाल्यावरहि आम्ही तेथें गेलों नाहीं. पडद्यावर जी मुलें दिसत होतीं तेवढाच वर्ग, असें आमच्या मनानें नकळत धरून घेतलें होतें. ती मुलगी पुढें दहावी उत्तीर्ण झाली, परंतु गणित सोडून. आणि तिला गणिताची आवड होती हें आम्हांस ठाऊक होतें.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांस २०२० च्या डिसेंबरांत जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरच्या त्या रकमेपैकीं अर्धी त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें आपण वर्तमानपत्रांतून वाचलें असेल. पाठ्यपुस्तकांत ठिपक्यांचें चौकोनी चिन्ह, म्हणजे क्यूआर कोड, छापावयाचें आणि मोबाईल त्यावर धरतांच कविता ऐकूं यावी, धडा पाहतां यावा, ही त्यांची योजना. आतां बालभारतीच्या पुस्तकांतहि तीं चिन्हें आहेत. परंतु लोक ज्या गोष्टीचा उल्लेख कमी करतात ती अशी कीं, तेथील मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पुस्तकें मराठी. त्या गृहस्थांनीं ती भाषा शिकून घेतली व धडे मुलींच्या भाषेंत आणले. ठिपक्यांचें चिन्ह त्यानंतरचें.

आमच्या वसईच्या मुलांस हें चांगलें समजेल. घरीं सामवेदी किंवा वाडवळी, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि पडद्यावर बहुधा इंग्रजी, अशा तीन पायऱ्या तीं रोज चढतात. चारशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांत जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण मराठींत रचलें. तें १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें तें मात्र रोमन अक्षरांत. आज तीच मराठी देवनागरींत आमच्या खिशांतील मोबाईलवर लिहितां येते. मग या साधनांवर आम्हीं केवळ दुसऱ्यांचे धडे कां पाहावे? दोन वर्षांपूर्वीं आम्हीं आठवीच्या मुलांस एक काम दिलें: आजीकडून लग्नांतलें किंवा लावणीच्या वेळचें एक गाणें मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणावें, तें ऐकून लिहून काढावें, आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ आजीलाच विचारावा. एकाहि मुलानें हें काम चुकविलें नाहीं. कांहीं आजींनीं तर, आमचें गाणें शाळेंत लागलें काय, अशी देवळाबाहेर आम्हांस पृच्छा केली.

केवळ यंत्रें वांटून काय होतें याचा अनुभव पेरू देशानें घेतला आहे. तेथें सरकारनें मुलांस लक्षावधि लॅपटॉप वांटले. ३१९ शाळांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला: मुलांचें गणित व भाषा यांत सुधारणा आढळली नाहीं. उलटपक्षीं दिल्लींतील एक प्रयोग पहावा. तेथें शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांस प्रत्येकाच्या तयारीप्रमाणें प्रश्न देणारा संगणक दिला, आणि त्याच्या जोडीला लहान गटास शिकविणारा एक मनुष्यहि दिला. तेथील सहावींतील मुलें गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें होतीं. साडेचार महिन्यांत गणितांत व हिंदींत तीं इतरांच्या स्पष्टपणें पुढें गेलीं. संगणकानें प्रत्येकास त्याच्या पायरीवर गांठलें. पन्नास मुलांच्या वर्गांत आम्हांस तें कधींच साधलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

२०२२ च्या अखेरीपासून निबंध लिहून देणारीं यंत्रेंहि आलीं आहेत. पावसाळ्यावरील सतरा निबंध आमच्यापुढें आले, त्यांपैकीं सहांत मृद्गंध एकाच वाक्यांत दरवळत होता. युनेस्कोनें २०२३ सालीं वर्गांत अशा साधनांसाठीं किमान तेरा वर्षें वयाची मर्यादा सुचविली आहे. तेवढी तरी आपण पाळावी. आणि मुलांचीं नांवें, छायाचित्रें, गुण हीं कोणत्याहि कंपनीच्या हवालीं करण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी. आपल्या देशाच्या २०२३ च्या अधिनियमांत अठरा वर्षांखालील मुलांसाठीं ती आवश्यक धरली आहे.

आतां समितीच्या बेताकडे वळतों. प्रत्येक वर्गांत एक फळा बसविण्याऐवजीं प्रत्येक मजल्यावर एकच पडदा असावा. ज्या पाठास त्याची गरज असेल त्या पाठापुरता वर्ग तेथें जाईल. वांचलेल्या पैशांतून वाचनालयाशेजारच्या बंद खोलींत दहा संगणक मांडावे, आणि ती खोली सायंकाळीं साडेपांचपासून आठपर्यंत उघडी ठेवावी. ज्यांच्या घरीं मोबाईल चारांनंतर येतो, किंवा येतच नाहीं, त्यांच्यासाठीं ती खोली. तेथें इंटरनेट बंद पडलें तरी अडूं नये, म्हणून धडे आधींच सांठवून ठेवावे. किविक्स नांवाच्या निःशुल्क साधनानें अख्खा मराठी विकिपीडियाहि संगणकांत उतरवून ठेवतां येतो. निधीचा एक भाग शिक्षकांच्या तयारीसाठीं राखावा, आणि तो खर्च यंत्रांच्या खरेदीआधीं व्हावा. उपग्रह परत गेल्यावर काय उरलें, तें वर सांगितलेंच आहे.

खोलीवर बसावयास माणूस कोण, असा प्रश्न कालच खजिनदारांनीं आम्हांस विचारला. मंगळवार व शुक्रवार आम्ही बसूं. उरलेल्या दिवसांसाठीं नांवें देण्याची वही बाहेरच्या मेजावर ठेविली आहे, जातांना पहावी.